सोलापूरहून ऑर्केस्ट्राच्या खुर्चीपर्यंत: बासरीवाल्याची वाट, पायरीपायरीने

सोलापुरात कुणाला सांगितलं, "मी ऑर्केस्ट्रात वाजवतो," की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या मंडळाच्या बे?" त्यात त्या माणसाची चूक नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत चौकात मांडव घालून होणारा कार्यक्रम: दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मध्ये मध्ये मिमिक्रीवाला. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेच्या) रंगमंचावर बसतो तोही ऑर्केस्ट्राच. तिथे साठ-सत्तर माणसं समोर कागद ठेवून, एका माणसाच्या हाताकडे बघत वाजवतात. मी गेली वीस-बावीस वर्षं चौकातही वाजवतोय आणि कागद ठेवूनही वाजवतोय. दर दोन-तीन महिन्यांनी एखादे वडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "सर, बासरीवर पोट भरेल का याचं?" त्यांना तासभर जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

आधी हिशेब बघा. सिम्फनी ऑर्केस्ट्राला व्हायोलिनवाले वीस-पंचवीस लागतात, फ्लूट, म्हणजे पाश्चात्य बासरी, वाजवणारे दोन, फार तर तीन. तिसऱ्याला बहुतेक वेळा पिकोलोही (फ्लूटचंच छोटं, चढ्या सुराचं भावंड) वाजवावा लागतो. आपल्या देशात पगारी, व्यावसायिक म्हणावा असा ऑर्केस्ट्रा म्हणजे एनसीपीएने २००६ मध्ये उभा केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्याचे मोठे हंगाम वर्षातून दोन, आणि वादकांत परदेशातून येणारे बरेच. त्या दोन-तीन खुर्च्यांवर डोळा ठेवून सगळं आयुष्य बेतणं म्हणजे यूपीएससीच्या एकाच प्रयत्नावर घर गहाण टाकण्यासारखं आहे. फ्लूटवाल्याचं घर चालतं ते अनेक ठिकाणी चालू शकण्यावर. सकाळी शाळेत तास, दुपारी रेकॉर्डिंग, संध्याकाळी अभंगांचा कार्यक्रम, आणि वर्षातून काही आठवडे काळा कोट घालून ब्राम्झची सिम्फनी, असं जमलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

पहिली पायरी: बांबू

सुरुवात बासरीनेच करा. ती स्वस्त आहे, शिकवणारे मिळतात, आणि कानाला जो सूर लागतो तो पुढे कुठल्याही वाद्यावर कामी येतो. गुरू धरा, पलटे (सुरांचे ठरावीक क्रम) घासा, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून देत राहा. विशारदपर्यंत पोचलात तर पुढे शाळेत नोकरी मागताना हातात एक कागद असतो, एवढाच त्या परीक्षांचा माझ्या लेखी मोठा उपयोग. सूर परीक्षेने येत नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना पटो न पटो, मी आग्रहाने सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला जिचा सा जुळतो ती) लांबलचक बासरी देऊ नका. पन्नालाल घोषांनी ती मोठी, गंभीर बासरी शास्त्रीय मैफलीत आणली आणि सगळ्यांना तिचं वेड लागलं. ते रास्तच आहे, पण लहान बोटं तिथे पोचत नाहीत. मूल बोटं ताणतं, भोकं नीट झाकली जात नाहीत आणि सूर फाटतो. मुलाला मध्यम आकाराची पांढरी पाच द्या. याचं दुसरं कारण पुढच्या पायरीत येतंय, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरी पायरी: बांबूवरून कीच्या फ्लूटवर

ऑर्केस्ट्रात वाजते ती धातूची, चाव्यांची फ्लूट. म्युनिकचा थिओबाल्ड बोम हा मूळचा सोनारकाम शिकलेला वादक. त्याने १८४७ मध्ये तिला आजचं रूप दिलं. आपल्याकडचे वादक तिला 'की-फ्लूट' किंवा नुसतं 'वेस्टर्न' म्हणतात. बासरीवाल्याला ती बघून धडकी भरते, पण अर्धी बोटं त्याची आधीच पाठ असतात. कशी ते सांगतो.

पांढरी पाचच्या बासरीवर वरची तीन भोकं झाकली की षड्ज, म्हणजे पाश्चात्य नावाने जी. सहाही झाकली की खालचा पंचम, म्हणजे डी. फ्लूटवरही डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा ठेवला की जी, आणि उजव्या हाताची तीन बोटं जोडली की डी. दोन बोटं राहिली की ए, म्हणजे तुमचा रिषभ. एक राहिलं की बी, म्हणजे गंधार. सगळी बोटं उचलली की बासरीवर तीव्र मध्यम, आणि फ्लूटवर सी शार्प, म्हणजे तोच सूर. पहिल्या आठवड्यात पांढरी पाच आणि फ्लूट शेजारी ठेवून हे स्वतः तपासा, भीती निम्मी होते.

आता खड्डे. पहिला खड्डा चौथ्या बोटाचा. बासरीवर चार भोकं झाकली की शुद्ध निषाद लागतो. फ्लूटवर उजव्या हाताची तर्जनी ठेवली की कोमल निषाद, म्हणजे एफ, लागतो. शुद्ध निषादाला, म्हणजे एफ शार्पला, तर्जनी उचलून अनामिका ठेवावी लागते. बासरीवाला इथे महिनाभर अडखळतोच. उपाय सोपा आणि कंटाळवाणा: जी, एफ शार्प, ई, डी आणि परत वर, रोज पाच मिनिटं, अतिशय सावकाश.

दुसरा खड्डा करंगळीचा. बासरीवर उजवी करंगळी एक तर मोकळी असते नाहीतर सातव्या भोकावर. फ्लूटवर ती जवळजवळ सतत खाली दाबलेली लागते. सगळ्यात खालचा आणि मधल्या सप्तकातला डी आला की मात्र उचलायची. तिसरा खड्डा मधल्या सप्तकातल्या डीचा आणि ई फ्लॅटचा. तिथे डाव्या हाताची तर्जनी उचलली नाही तर सूर लागतो, पण कोंदट लागतो. असे अनेक वादक ऐकलेत की ज्यांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं, आपली फ्लूटच खराब आहे.

चौथा खड्डा मनातला आहे. बासरीवर शुद्ध मध्यमाला आपण अर्धं भोक उघडतो, त्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघते, आणि तीच आपली ओळख असते. फ्लूटवर सी हा सरळ बोटाचा सूर आहे, चावी एक तर बंद नाहीतर उघडी. मधली भोकं असलेली फ्रेंच पद्धतीची फ्लूट घेतली तर थोडी मींड निघते, पण नवशिक्याने ती घेऊ नये. विद्यार्थी दर्जाची, बंद चाव्यांची, साधी यामाहा घ्या. नवीला बऱ्यापैकी मोटारसायकलच्या निम्मे पैसे लागतात. जुनी चालेल, पण घेताना जाणत्याला सोबत न्या आणि सगळ्यात खालचा सी हळू फुंकून बघा. तो फुसफुसला तर कुठलं तरी पॅड (चावीखालची गादी) गळतंय. ऑनलाइन मिळणाऱ्या सात-आठ हजारांच्या चकचकीत फ्लूट घेऊ नका. दोन महिन्यांत चाव्या ढिल्या होतात आणि मुलाला वाटतं की दोष आपल्या फुंकीतच आहे.

शिक्षक? सोलापुरात की-फ्लूट शिकवणारा घराजवळ मिळेलच असं नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा पुण्याला जायचो. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघायचं, दोन तास शिकायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. आता मधले तास ऑनलाइन होतात. झूमवर शिकत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर ते ॲप तुमच्या लांब सुराला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं, आणि सर पलीकडून विचारत बसतात, "थांबलास का?"

तिसरी पायरी: वाचायला शिका

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे सगळ्यात जास्त पोरं गळतात.

तेवीस-चोवीस वर्षांचा असताना मला मुंबईतल्या एका स्टुडिओत ओळखीने बोलावलं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो, सकाळी हजर. अरेंजरने (वाद्यांची मांडणी लिहिणाऱ्याने) स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच रेघांवर ठिपके मांडलेल्या पाश्चात्य स्वरलिपीचा कागद समोर ठेवला. मी म्हटलं, "सर, एकदा वाजवून दाखवा, मी लगेच पकडतो." खरंच पकडलं असतं, कान तेवढा तयार होता. ते हसले, चहा मागवला, गावाकडची चौकशी केली, आणि मला परत पाठवलं. तो कागद आठ ओळींचा होता. बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या वादकाने तो एका दमात वाजवला. घड्याळी पाच मिनिटंही लागली नसतील. स्टुडिओचं भाडं तासावर असतं, पकडापकडीला तिथे कुणाकडे वेळ नसतो.

भातखंडे लिपी, म्हणजे आपली सारेगमची लिपी, वाचणाऱ्याला स्टाफ अवघड जातं याचं कारण खुणा नव्हेत. आपला सा हलतो, त्यांचा सी हलत नाही. पांढरी पाचवर वाजवताना तुम्ही जीला सा म्हणता, पांढरी तीनवर ईला. कागदावर मात्र दुसऱ्या रेघेवरचा ठिपका म्हणजे नेहमी जीच. म्हणून सुरुवातीचे सहा महिने ठिपका बघून सारेगम मनात आणायचं नाही. ठिपका, बोट, आवाज, एवढंच. मधे भाषांतर आलं की वेग मेला.

रोज दहा मिनिटं कधीही न पाहिलेलं काहीतरी वाचा. दहाच, पण रोज. लय घड्याळाच्या सेकंदाला लावा, म्हणजे मिनिटाला साठ. एकदा सुरू केलं की चुकलं तरी थांबायचं नाही, कारण ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी थांबत नाही. एक सूर चुकला तर क्वचितच कुणाला कळतो, पण मागे जाऊन दुरुस्त करायला गेलात तर सगळ्यांना कळतं. डोळा वाजतंय त्याच्या एक माप (बार, म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) पुढे ठेवायचा. ज्यांचे हक्क संपलेत अशा जुन्या रचनांचे कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे कागद नाहीत ही सबब आता चालत नाही.

दुसरी गोष्ट, विश्रांती मोजणं. याबद्दल कुणी बोलत नाही. ऑर्केस्ट्रातला फ्लूटवाला बराच वेळ वाजवतच नाही. कागदावर एक आडवी जाड रेघ आणि वर आकडा, समजा सदतीस, म्हणजे सदतीस मापं गप्प बसायचं आणि अडतिसाव्याला बरोबर उठायचं. तबल्याच्या सोबतीने वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं, सम कानाला कळेलच. तिथे सम कुणी देत नाही. मी मांडीवर बोटं मोजतो. दहा झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटतो. शिवाय कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवतो, "ट्रम्पेटनंतर चार मापं". पेन न्यायचं नाही. कागद भाड्याचे असतात आणि परत करावे लागतात.

आपली जमेची बाजूही सांगतो. पलट्यांची सवय ही बासरीवाल्याची मोठी पुंजी आहे. तेच पलटे बारा पट्ट्यांत बसवा, आठवड्याला एक पट्टी. तीन महिन्यांत एक फेरी होते. चौथ्या फेरीला, म्हणजे वर्षभराने, बी फ्लॅट मायनर आणि सी शार्प मायनर ही नावं घाबरवेनाशी होतात. सोबत ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा द्या. एबीआरएसएमला सहाव्या ग्रेडला बसण्याआधी थिअरीची पाचवी ग्रेड लागते, ट्रिनिटीला तशी अट नाही. थिअरी टाळायची म्हणून ट्रिनिटी निवडू नका, एवढंच माझं म्हणणं.

चौथी पायरी: सूर आणि सोलापूरचं ऊन

हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो, आणि फुंकून वाजणारं वाद्य चढतं. ढोबळ मानाने दर अंशाला तीन सेंट. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर शंभर सेंट धरतात. सत्तावीस अंशांना जुळवलेली बासरी एप्रिलच्या संध्याकाळी एकोणचाळीस अंशांच्या मांडवात नेली, तर हिशेबाने छत्तीस सेंट चढली. म्हणजे पुढच्या पट्टीकडे एक तृतीयांश वाट चालून गेली. नळीच्या आत तुमची फुंकही आधीच गरम असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमी पडतो. पण कीबोर्ड उन्हाने चढत नाही. तो आपल्या जागेवरच बसतो, आणि लोक म्हणतात, बासरीवाला बेसूर आहे.

याचे उपाय मी चुका करून शिकलो. बासरी बनवणाऱ्याकडून रोज लागणाऱ्या दोन-तीन पट्ट्यांच्या बासऱ्या दहा-पंधरा सेंट उतरत्या करून घ्या. त्या उन्हाळी बासऱ्या. गाणं सुरू होण्याआधी कीबोर्डवाल्याला गोड बोलून त्याचं ट्यूनिंग थोडं चढवून घ्या. बहुतेक कीबोर्डवर ती सोय असते आणि बहुतेकांना ती माहीत नसते. तेवढंही जमलं नाही तर बासरी थोडी आत वळवा, ओठाने फुंकेचं भोक जास्त झाकलं जातं आणि सूर उतरतो. आवाज जरा दबतो, पण बेसूर होण्यापेक्षा परवडला. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत रात्रीच्या कार्यक्रमाला उलटं होतं. बासऱ्या शालीत गुंडाळून मांडीवर ठेवा, पुढची लागणारी बासरी काखेत धरा. हास्यास्पद दिसतं, दिसू द्या.

फ्लूटला निदान वरचा तुकडा बाहेर ओढता येतो. साधारण तीन ते पाच मिलिमीटर ओढलेला ठेवूनच सराव करा, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहते. तुकड्याच्या आतला बूच फुंकेच्या भोकाच्या मध्यापासून सतरा मिलिमीटरवर असायला हवा. साफ करायच्या काडीवर तशी खूण असते, महिन्यातून एकदा तपासा. स्टुडिओत तर गोष्ट निराळीच. हुडहुडी भरेल असा एसी, आणि तुम्ही दहा मिनिटं गप्प बसून एकदम वाजवायचं. तिथे वाजवत नसताना फ्लूटमध्ये हळूच, आवाज न करता गरम श्वास सोडत राहा.

दुसरा सुराचा दोष वाद्याचा नाही, आपला आहे. जोरात फुंकलं की फ्लूट चढते, हळू फुंकलं की उतरते. याला औषध एकच. रोज पहाटे, ऊन वाढायच्या आत, लांब सूर लावायचा: आठ मात्रा हळूहून जोरात, आठ मात्रा जोराहून हळू, आणि मोबाइलवरचा ट्यूनर समोर. काटा हलता कामा नये. मी कंबर तलावाच्या काठावर जायचो. फिरायला येणारे आजोबा दोन महिने ऐकून शेवटी म्हणाले, "बाळ, पुढचं गाणं कधी वाजवणार?"

पाचवी पायरी: ऑर्केस्ट्राचं दार

ऑडिशनला काय वाजवायला सांगतात हे जगभर बऱ्यापैकी ठरलेलं आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. मोत्सार्टचा जी मेजर कन्चेर्टो हवाच, निदान पहिल्या भागाची सुरुवात. त्यानंतर ऑर्केस्ट्रातल्या रचनांचे तुकडे. त्यातले चार मी सगळ्यांना करायला लावतो.

मेंडेल्सनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला स्केर्झो जिभेसाठी. तिथे फ्लूटला बारीक, तुटक सुरांची लांबच लांब धाव आहे आणि श्वासाला जागा नाही. जीभ 'त-क त-क' अशी दुहेरी चालवावी लागते. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायची सवय असलेल्याला हे लवकर येतं. ब्राम्झच्या चौथ्या सिम्फनीतल्या शेवटच्या भागातला सोलो अगदी उलटा: सावकाश, एकटा, उदास, आणि मापातली प्रत्येक जागा मोजून घ्यावी लागणारा. बेथोव्हनच्या तिसऱ्या 'लिओनोर' ओव्हर्चरमधला तुकडा बोटांच्या स्वच्छतेसाठी.

चौथा तुकडा देब्युसीच्या १८९४ च्या 'फॉन'च्या प्रिल्यूडची सुरुवात. ऑर्केस्ट्रा गप्प, आणि फ्लूट एकटी सुरू होते ती सी शार्पवर. म्हणजे सगळी बोटं उघडी असलेल्या, फ्लूटवरच्या सगळ्यात पातळ आणि पळपुट्या सुरावर. तिथून अर्ध्या अर्ध्या सुरांनी ती जीपर्यंत खाली घसरते आणि परत वर येते. पांढरी पाचच्या बासरीवाल्याने नीट बघावं, हे तीव्र मध्यमापासून षड्जापर्यंत येणं-जाणं आहे. मला ते पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कागद खाली ठेवून बासरी उचलली आणि मारव्याच्या रंगात वाटेल तसं फिरून आलो. ऑडिशनला मात्र तसं करायचं नाही. तिथे मींड नाही, गमक नाही, सूर सरळ, आणि कंप किती ठेवायचा तो तुम्ही ठरवायचा. हा संयम बासरीवाल्याला सगळ्यात जड जातो. रियाझाच्या खोलीत दोन कोपरे करा म्हणतो मी, एका कोपऱ्यात बासरी, दुसऱ्यात फ्लूट. एका वेळी एकच.

बोलावणं आलं तर ते बहुधा दुसऱ्या फ्लूटचं किंवा जादा वादक म्हणून असतं. दुसऱ्या फ्लूटवाल्याचं काम खालच्या सप्तकात हळू, पहिल्याच्या सुराला चिकटून वाजवायचं. वाहवा नाही. पण तिथे नीट बसणाऱ्याला पुन्हा बोलावतात. पिकोलो शिकून ठेवलात तर हे बोलावणं दुप्पट लवकर येतं. पिकोलो लिहिलेल्याच्या एक सप्तक वर वाजतो. त्याचा सराव करताना उजव्या कानात बोळा घाला, चेष्टा करत नाही. वाद्य उजवीकडे असतं आणि त्या आवाजाने कान जातो.

सहावी पायरी: तोवर सोलापुरात काय

तोवर म्हणजे काही वर्षं. काहींच्या बाबतीत कायमच.

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर ऑडिशन द्या. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या असतात. बी मिळाली तरी मानधनापेक्षा नावामागे लागणारं 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' हे बिरुद इथल्या संयोजकांना जास्त कळतं. आकाशवाणी आणि वाद्यवृंद यांचं नातं जुनं आहे. दिल्लीत १९५२ मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू झाला तो रविशंकरांच्या हाताखाली, आणि पुढे तो पन्नालाल घोषांकडेही होता. हरिप्रसाद चौरसियांनीही कटकच्या आकाशवाणीत नोकरी केली. त्यामुळे नोकरी करत वाजवलं तर कलाकार लहान होतो, असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

सरकारी नोकरीचं दार सोलापुरात घराजवळ आहे, पण संगीतवाल्यांचं तिकडे लक्ष जात नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा दहावा गट इथेच आहे, आणि राज्याच्या पोलीस भरतीत बॅण्ड्समनच्या जागा निघतात. सैन्याचे बॅण्ड आहेत, पचमढीला सैन्याची संगीत शाखाच आहे. तिथे शारीरिक चाचणी असते, म्हणजे नुसतं फुंकून भागत नाही, पळावंही लागतं. जाहिरातीत वाद्य आणि अटी नीट वाचा आणि मगच अर्ज करा.

कार्यक्रम म्हणाल तर आषाढीच्या आधीचे दोन महिने अभंगांचे. पंढरपूर जिल्ह्यातच आहे, आणि अभंगाला बासरी नाही असं होत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात, फडकुले सभागृहात होणारे गाण्यांचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र. इथे बासऱ्यांचा संच लागतो. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोन, गायिका बहुधा पांढरी पाच ते काळी पाच. बाराही पट्ट्या पहिल्याच वर्षी विकत घेऊ नका. एकाच बासरीवर मध्यमाचा किंवा पंचमाचा षड्ज करून वाजवायला शिका. पांढरी तीनच्या बासरीवर मध्यमाला सा मानलं की पांढरी सहा मिळते, पंचमाला मानलं की पांढरी सात. निम्मे पैसे वाचतात. माइक फुंकेच्या थेट समोर कधीच नको. ओठ आणि पहिलं बोट यांच्या मध्ये, वीतभर अंतरावर, जरा वरून. साउंडवाला ऐकणार नाही, स्वतः उठून फिरवा.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे बांबू तडकतो. आतून मोहरीचं किंवा बदामाचं तेल, बाहेरून दोऱ्याचे घट्ट वेढे. सुताच्या गावात राहतो, दोऱ्याला तोटा नाही. अशोक चौकाच्या बाजूला माझा एक यंत्रमागवाला मित्र आहे, तो मला उरलेल्या कोनचं सूत देतो आणि बदल्यात मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवून घेतो. फ्लूट मात्र उन्हात गाडीत ठेवू नका, पॅड आकसतात.

शिकवणी हा सगळ्यात भरवशाचा पैसा आहे, हे स्वच्छ सांगतो. पण आठवड्यात पंधरा-सोळा तासांपेक्षा जास्त घेऊ नका. त्यापुढे स्वतःचा रियाझ जातो, आणि तो गेल्याचं कळतं तेही पुढच्या रेकॉर्डिंगला.

सातवी पायरी: पैसे

मानधन ठरवताना चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: तालमी किती आणि त्यांचे पैसे वेगळे की आतच, प्रवास कुणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर काय, पैसे कधी. बोलण्यावर गेलेले माझे पैसे एवढे आहेत की त्यात एक चांगली पिकोलो आली असती. मुंबई-पुण्याचे लोक टीडीएस कापतात, तो बुडाला असं समजू नका. विवरणपत्र भरा, कर बसत नसेल तर परत येतो. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात हात आखडतो, तेव्हाचं आषाढीच्या आणि गणपतीच्या कमाईतून आधीच बाजूला काढून ठेवा.

पहिलं बोलावणं

फोन आला की आधी कागद पीडीएफमध्ये मागवा. प्रवासात नुसते डोळ्यांनी वाचा, बोटं मांडीवर. पिशवीत फ्लूट, पिकोलो, पांढरी तीन, चार आणि पाचच्या बासऱ्या (नेल्याच नाहीत की हमखास विचारतात), साफ करायची काडी, मऊ सुती फडकं, दोन पेन्सिली, खोडरबर, काळे मोजे. काळे मोजे मी एकदा विसरलो होतो आणि सीएसएमटीच्या बाहेर दुप्पट पैसे देऊन घेतले.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते, तालीम बहुधा दहाला असते, मधे तीन तास. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून फ्लूट काढायचा मोह होतो. काढू नका, खारा दमट वारा चाव्यांना लागतो. स्टेशनवर तोंड धुवा, पोटभर नाश्ता करा पण तळलेलं नको, दात घासून चूळ भरा, फ्लूटमध्ये अन्नाचा कण गेला की पॅड चिकटतं. तासभर आधी सभागृहात पोचा, आपली खुर्ची शोधा, स्टँड स्वतःच्या उंचीला लावा. शेजारचा पहिला फ्लूटवाला आला की उठून नाव सांगा. त्याच्या आधी त्याचे सोलो वाजवून बघू नका, तिथे तो उद्धटपणा मानतात. खालच्या सप्तकात हळू लांब सूर लावत बसा. थोड्या वेळाने सगळे गप्प होतील आणि ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा सगळ्यांना सूर जुळवायला ए देईल. तेव्हा ट्यूनरकडे बघू नका, ओबोकडे कान द्या.